बन्सीभाऊंचं ओलं तळघर

बन्सी सदाफुले यांनी नोकरीची एकतीस वर्षं जमिनीखाली काढली, आणि निवृत्त होऊन वर आल्यावर त्यांना उजेडात करमेना.

भिंगारला लष्कराचं एक जुनं दगडी गोदाम होतं, निम्म्याहून अधिक जमिनीत गेलेलं. तिथं ते हमाल म्हणून लागले आणि स्टोअरकीपर होऊन बाहेर पडले. रबरी नळ्या, ताडपत्र्या, पट्टे, दोरखंड, असा ऊन आणि ओल दोन्ही न सोसणारा माल. वर नगरचा उन्हाळा रस्त्याचं डांबर पातळ करत असायचा आणि खाली बन्सीभाऊ गळ्याची गुंडी लावून बसलेले असायचे. "गुरुजी, थंडी दोन प्रकारची," ते मला सांगायचे. "एक ओली, एक कोरडी. कोरड्या थंडीत माल खराब होत न्हाई. मानूसबी होत न्हाई."

मी तेव्हा आंबेदऱ्याच्या शाळेवर मास्तर होतो. आंबेदरा म्हणजे खर्ड्याच्या पुढं डोंगराच्या उतारावर बसलेलं शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. फेब्रुवारी सरला की विहिरी तळ दाखवायच्या आणि मग पावसाळ्यापर्यंत टँकर. त्र्याण्णव साली बन्सीभाऊ पेन्शन घेऊन या आपल्या गावी परत आले. बरोबर पत्नी चांगुणाबाई. मुलगा महेंद्र संगमनेरला कॉलेजात नोकरीला होता, तो तिकडंच राहिला. बौद्धवाड्याच्या वरच्या अंगाला त्यांची वडिलोपार्जित जागा होती. तिथं घर बांधायचं ठरलं, आणि नवरा-बायकोचा पहिला वाद तिथंच झाला.

"मला सैपाकघराला मोठी खिडकी पायजे," चांगुणाबाई म्हणाल्या.

"खिडकी घे. मला खाली तळघर पायजे."

"मी मागतीय उजेड अन् तुमी मागताय भोक."

घराचा नकाशा त्यांनी गोदामातल्या जुन्या फॉर्मच्या पाठीमागं स्वतःच काढला. त्यात तळघर आधी काढलं होतं आणि घर त्याच्यावर झाकण म्हणून. गवंडी गावातलाच, गहिनीनाथ. बारीक अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याच्या आजानं खर्ड्याच्या किल्ल्याची डागडुजी केली होती म्हणे, आणि ते तो कामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगे. खणायला गहिनीनाथ, दोन गडी आणि स्वतः बन्सीभाऊ. नऊ फूट खाली गेले. वर मुरूम, खाली काळा पाषाण, आणि पाषाणाच्या दोन थरांमध्ये वीतभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा. बन्सीभाऊंना तो पट्टा फार आवडला. साडीच्या काठासारखा दिसतो म्हणाले.

गहिनीनाथनं त्यातली माती चिमटीत घेऊन चोळली. "बन्सीभाऊ, ह्या पट्ट्यातनं कवातरी पानी चाललंय."

"कवातरी ना? आत्ता न्हाई ना?"

"आत्ता न्हाई."

"मग बांध. आंबेदऱ्यात पानी लागंल अशी भीती घालनारा तू पयलाच गवंडी."

दोन वर्षं तळघर अगदी त्यांच्या मनासारखं राहिलं. तेरा पायऱ्या उतरून गेलं की वरचं जग बंद. एक खाट, एक खुर्ची, एक रेडिओ. भिंतीवर मोकळ्या फळ्या, त्यांवर नंबर टाकलेले. ठेवायला माल नव्हता, पण नंबर होते. रोज संध्याकाळी ते फरशीवर एक कोरा कागद ठेवत आणि सकाळी उचलून कानाशी हलवत. कडकड वाजला की दिवस चांगला. शाळेचं छप्पर गळायचं म्हणून मी शाळेचे नकाशे त्यांच्याकडं ठेवले, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला सही-शिक्क्याची पावती दिली. शिक्का अर्थात भिंगारचा नव्हता. त्यांनी बटाट्याचा केला होता.

शहाण्णव साली पाऊस बरा झाला. गावाच्या वर माळावर रोजगार हमीतून बांधलेला एक पाझर तलाव होता. त्याचं पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना यावं, अशी योजना. पण बांधल्यापासून तो एकदाही भरला नव्हता, त्यामुळं पाणी मुरून कुठं जातं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी तो काठोकाठ भरला. गावानं नारळ फोडला. महिनाभर सगळे आपापल्या विहिरीत वाकून बघत राहिले. विहिरी होत्या तशाच राहिल्या.

पाणी सदाफुल्यांच्या तळघरात आलं.

मला त्यांनी शाळेत निरोप धाडला, "गुरुजी, नकाशे घेऊन जा." मी गेलो तेव्हा खाट पाण्यात उभी होती आणि बन्सीभाऊ खालून चौथ्या पायरीवर. त्या तांबड्या पट्ट्याच्या उंचीवर भिंतीला घाम आल्यासारखे थेंब धरले होते आणि कोपऱ्यात तर बारीक धारच होती. महाराष्ट्राच्या नकाशाला ओल डावीकडून चढली होती. आधी कोकण भिजलं होतं, मग देश. विदर्भ तेवढा कोरडा राहिला.

चांगुणाबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. "गोड हाय."

"गोड असंल न्हाईतर कडू," बन्सीभाऊ म्हणाले. "ते हितं का हाय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बादल्यांनी पाणी काढायला सुरुवात केली. सकाळी काढायचं, सायंकाळपर्यंत पुन्हा तेवढंच. भिंतीवर त्यांनी इंचाची पट्टी रंगवली आणि वही सुरू केली. ती वही मी पाहिली आहे. "आवक : अकरा इंच. जावक : अकरा इंच. शिल्लक : अकरा इंच." एकतीस वर्षांत त्यांच्या हिशेबात असा माल कधी आला नव्हता.

महेंद्रनं संगमनेरहून गिलाव्यात मिसळायची वॉटरप्रूफिंगची पावडर पाठवली. गहिनीनाथनं पाणी उपसून, ओल्याच भिंतीवर दोन हात गिलावा केला आणि घोटून आरशासारखा गुळगुळीत केला. तो आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी भिंतीला पोट आलं. बन्सीभाऊंनी त्यावर बोट ठेवलं आणि गिलाव्याचा परातीएवढा तुकडा त्यांच्या पायाशी पडला.

मग डांबर. रस्त्याच्या कामावरून पिंप आणून अंगणात उकळलं. घरात पंधरा दिवस भाकरीला डांबराचा वास येत होता. डांबर फुटलं नाही, हे खरं. पाण्यानं ते मागून हळूहळू ढकललं आणि आख्खीच्या आख्खी काळी पापडी भिंतीवरून सुटून, मध्ये घडी पडून, पाण्यावर तरंगू लागली.

"पानी मागनं ढकलतंय, बन्सीभाऊ," गहिनीनाथ म्हणाला. "आतनं कितीबी लिंपा. दाराला पलीकडनं म्हैस टेकली तर आतनं कडी लावून काय उपेग?"

"मग तुझ्या आज्यानं किल्ल्याचा हौद कसा बांधला?"

"चुना, गूळ अन् बेलफळ."

हे बोलून तो पस्तावला, कारण बन्सीभाऊंनी ते मनावर घेतलं. चुन्याची घाणी फिरली, वीस किलो गूळ आला, पोरं डोंगरातून बेलफळं घेऊन आली. भिंत सुरेख दिसत होती, फिकट पिवळी. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. घरातल्या आल्या, शेजारच्या आल्या, मला वाटतं पलीकडच्या गावातल्याही आल्या असाव्यात. दारातून तेरा पायऱ्या उतरून भिंतीपर्यंत मुंग्यांची दोन बोटं रुंद रांग. चांगुणाबाई त्या रांगेला ओलांडून वावरायला शिकल्या. पाचव्या दिवशी पाणी चढलं आणि त्याच मुंग्या शिस्तीत, अंडी तोंडात धरून, वर निघाल्या. बन्सीभाऊ खुर्चीत बसून त्यांच्याकडं बघत होते. "ह्यांना कळतं," एवढंच म्हणाले.

मार्च उजाडला. विहिरी आटल्या. टँकर एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. एका सकाळी शेजारच्या भागूबाई दारात कळशी घेऊन उभ्या राहिल्या. चांगुणाबाईंनी त्यांना आत घेतलं. दुसऱ्या दिवशी पाच जणी आल्या, आठवड्यानं अख्खी आळी, आणि पंधरवड्यात गावठाणातल्या बायकाही. पुढच्या दारातून आत, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालून, स्वयंपाकघराच्या कडेनं, तेरा पायऱ्या खाली. भरली कळशी घेऊन पुन्हा वर. बन्सीभाऊंना हे आवडतही होतं आणि आवडत नव्हतंही. पाणी कमी होतंय म्हणून ते कळशा मोजायचे, आणि घरात चिखल होतोय म्हणून प्रत्येकीला पाय पुसायला लावायचे.

एप्रिलात आक्काबाई आल्या. गावातल्या मोठ्या शेतकरी घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. बन्सीभाऊंच्या लहानपणी त्यांची आई आक्काबाईंच्या विहिरीपाशी घागर घेऊन दूर थांबायची. विहिरीला शिवायचं नाही. आक्काबाई किंवा घरातलं कुणी वरून पाणी ओतेल तेव्हा घ्यायचं. कधी ओतायचे, कधी दुपार व्हायची. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

आक्काबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी तेव्हा तिथंच बसलो होतो. "बन्सी, पानी मिळंल का?"

"मिळंल की. खाली हाय. भिताडाला धरून उतरा, तेरा पायऱ्या हायेत."

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "वरनंच वाढून दिलं असतंस तर."

बन्सीभाऊंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोदामातला माणूस नियम सांगताना दिसतो तसे ते दिसत होते. "वरनं वाढायची सोय न्हाई, आक्काबाई. हितं समद्यांनी उतरूनच घ्यायचं."

आक्काबाईंनी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. उतरायला त्यांना बराच वेळ लागला. मग वरच येईनात. चांगुणाबाई घाबरून खाली गेल्या, तर म्हातारी शेवटच्या पायरीवर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडून डोळे मिटलेली.

"लई गार हाय गं," त्या म्हणाल्या.

बन्सीभाऊंनी वरून वाकून पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "अवो, प्यायाच्या पान्यात पाय घालत्यात का?" आक्काबाईंनी पाय काढले. पण दुसऱ्या दिवसापासून त्या कळशीशिवायही येऊ लागल्या. पायरीवर बसायच्या, चांगुणाबाईंशी बोलायच्या, चहा घ्यायच्या आणि उन्हं कलली की जायच्या. गावात यावर आठ दिवस कुजबुज झाली. मग उन्हाळा एवढा तापला की आणखी चार म्हाताऱ्या बसायला येऊ लागल्या.

अशात तालुक्याहून टंचाईची पाहणी करायला एक साहेब आले. जीप नेमकी बन्सीभाऊंच्या घरापुढं थांबली, कारण एका घरातून ओळीनं भरलेल्या कळशा बाहेर पडताना त्यांनी पाहिल्या. ते थेट खाली उतरले.

"हे काय आहे?"

"तळघर, साहेब."

"पाणी आहे यात."

"तीच तर तक्रार हाय."

"पाणी आहे म्हणजे विहीर."

"साहेब, विहिरीला जिना नसतो."

साहेबांनी विचार केला. "बारवेला असतो," ते म्हणाले, आणि कागदावर लिहिलं : एक बारव, पायऱ्यांसह, आच्छादित.

पुढच्या आठवड्यात टँकर बंद झाला, कारण गावात पाण्याचा उद्भव सापडला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात बन्सीभाऊंना नोटीस आली. टंचाई काळात सदर बारवेचा पाझर बुजवू नये, लिंपू नये अथवा पाण्याच्या आवकेस कोणत्याही प्रकारे अडथळा आणू नये. बन्सीभाऊंनी नोटीस मला दोनदा वाचायला लावली.

"म्हंजे गुरुजी, माझ्या घरातली ओल मी बंद करायची न्हाई?"

"असंच दिसतंय."

"अन् न्हाई बंद केली तर माझं घर पडंल."

"त्याबद्दल यात काही लिहिलेलं नाही."

त्यांनी नोटिशीची घडी केली आणि नंबर टाकलेल्या एका मोकळ्या फळीवर ठेवली. पायाच्या दगडांतला चुना सुटायला लागला होता, आणि एका कोपऱ्यात फरशी बशीसारखी खोल गेली होती. चांगुणाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "पानी द्यायला माजी ना न्हाई. पन सत्तर बाया दिसातनं दोनदा माझ्या घरातनं जात्यात. मी घरात राहती का एस्टी स्टँडावर?"

तेव्हा गहिनीनाथनं पायरीवर बसून तंबाखू मळत विचारलं, "गुरुजी, नोटिशीत अडवू नका म्हनलंय. काढून देऊ नका असं म्हनलंय का?"

मी पुन्हा वाचलं. तसं कुठं म्हटलं नव्हतं.

"मग अडवायचंच कशाला? मी पयल्यापासनं सांगतोय. पानी भिताडापाशी येतंय, त्याला भिताडापाशीच वाट द्या. बाहेरनं चर खनायचा, तळघराच्या फरशीच्याबी खाली. त्यात नळ्या टाकायच्या, सांधे मोकळे ठेवून, भवतीनं खडी. घर उतारावर हाय. चर उताराला नेला की पानी आपल्या पायानं रस्त्यावर जातंय. तिथं हौद बांधा. पंप नको, लाईट नको, अन् घरात बाया नको."

"पयल्यापासनं सांगत हुतास?" बन्सीभाऊ म्हणाले.

"म्हशीचं सांगितलं की."

अडचण एवढीच होती की चर दीडशे फूट लांब, सुरुवातीला दहा फूट खोल, त्यातला निम्मा पाषाणात. आणि तो सूर्यभानच्या लिंबाच्या रानातून जाणार होता. सूर्यभान हा खालच्या अंगाचा शेतकरी. त्याची विहीर घरापासून शंभर पावलांवर, तलाव भरलेला असताना ठणठणीत कोरडी, आणि त्यामुळं त्याचा सदाफुल्यांच्या तळघरावर मनातून राग होता. त्याचा ठाम समज होता की बन्सीभाऊंनी नऊ फूट खणून त्याचं पाणी वरच्या वर धरलं.

"चर जाऊ देतो," तो म्हणाला. "पन पानी माझ्या हिरीत सोडा."

"हिरीत सोडलं की ते तुझं झालं," बन्सीभाऊ म्हणाले. "हौदात सोडलं की गावाचं."

यावर दोघं तीन दिवस अडून बसले. शेवटी आक्काबाई उठल्या. त्यांची पायरीवरची बसायची जागा जाणार होती, तरी त्याच बोलल्या. सूर्यभानला त्यांनी सांगितलं, की हौद भरून वाहील ते तुझ्या लिंबाला जाईल, आता गप बस. आणि आपला मुलगा गोरक्ष, जो आजवर त्या घराकडं फिरकला नव्हता, त्याला म्हणाल्या, "टिकाव घे."

मे महिना सगळा चर खणण्यात आणि खाली रस्त्यालगत हौद बांधण्यात गेला. घरटी एक माणूस. पाषाणाला छिन्नी, मुरुमाला टिकाव. बन्सीभाऊ काठावर उभं राहून ज्याला त्याला अवजार नंबरानं देत आणि सायंकाळी नंबरानं परत घेत. एकसुद्धा पहार हरवली नाही. गहिनीनाथ पाणी भरलेल्या पारदर्शक नळीच्या दोन टोकांची पातळी बघून उतार मिळवत होता. शेवटच्या दिवशी तो घराच्या भिंतीबाहेरच्या चरात उतरला, तांबड्या पट्ट्यातली माती पहारेनं उकरली आणि बाजूला झाला. आधी गढूळ ओघळ आला, मग पाणी निवळलं. नळ्यांमधून ते आपलं आपण उताराला लागलं. अर्ध्या तासानं खालच्या हौदात करंगळीएवढी धार पडायला लागली आणि तिथं उभ्या असलेल्या बायका कळशा घेऊन रांगेत लागल्या.

तळघरातलं पाणी शेवटचं उपसलं, ते परत आलं नाही. मग गहिनीनाथनं साधा सिमेंटचा गिलावा केला; मागून ढकलणारं कुणी नसल्यामुळं तो टिकला. बन्सीभाऊंनी फरशीवर कागद ठेवला. सकाळी कानाशी हलवला. वाजला, पण कडक नाही. "ऐंशी टक्के," ते म्हणाले. ते ऐंशीचे ब्याऐंशी त्यांच्या हयातीत मी तरी पाहिले नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर ते साहेब पुन्हा आले. खाली उतरून कोरड्या फरशीवर उभे राहिले. "बारव आटली?"

"न्हाई साहेब. रस्त्यावर गेली."

साहेबांनी जाऊन हौद पाहिला, ओंजळभर प्यायले आणि जुन्या नोंदीपुढं लिहिलं : स्थलांतरित.

एवढ्यावर हे प्रकरण संपायला हवं होतं. पण गावाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. विहीर खणली तर पाणी लागत नाही. तळघर खणलं तर लागतं. पुढच्या दोन वर्षांत आंबेदऱ्यात तीन तळघरं झाली. एकानं गोठ्याखाली खणलं, एकानं दुकानाखाली. खणायच्या आधी प्रत्येक जण बन्सीभाऊंना जागा दाखवायला न्यायचा, जसं पाणाड्याला नेतात. ते हात मागं बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मला यातलं काय कळत न्हाई. मी कोरडं ठेवायला खनलं हुतं." लोकांना तो विनय वाटायचा.

तिसरं तळघर गोरक्षचं. त्यानं बारा फूट खणलं, चारी बाजूंनी दगडी बांधकाम केलं, आणि पाणी काढायला सोपं जावं म्हणून बाहेरून नळ्यासुद्धा आधीच टाकून ठेवल्या. नव्याण्णवचा पावसाळा गेला, तलाव भरला. दिवाळीनंतर त्यानं बन्सीभाऊंना आणि मला बोलावून नेलं. खाली काहीच नव्हतं. भिंती हाडासारख्या कोरड्या, कोपऱ्यात धूळ. बोललेला शब्द घुमत होता.

"बारा फूट," गोरक्ष म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "माझं काय चुकलं, बन्सीमामा?"

बन्सीभाऊंनी तळहाताची मागची बाजू भिंतीला लावली, मग दुसऱ्या भिंतीला. चौथ्या भिंतीपाशी जाऊन कान टेकवला. मग सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि विचारलं, "हितं एखादी खुर्ची टाकू का?"

गोरक्षनं खुर्ची आणून दिली. बन्सीभाऊ त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यातही रोज दुपारी तिथं जाऊन बसत. हौदावर पाणी भरायला आलेल्या चांगुणाबाईंना कुणी विचारलं, की बन्सीभाऊ कुठं गेले, तर त्या गोरक्षच्या घराकडं हात करायच्या आणि म्हणायच्या, "ड्युटीवर."